हिमयुगातला पाऊस: परागकण, प्रारूपे आणि सातारा-सांगलीचा प्रदेश

सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांच्यावर काही किलोमीटर जाडीचे हिमस्तर पसरलेले होते, आणि त्यांच्यात इतके पाणी अडकून पडले होते की जगभरच्या समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर किंवा त्याहूनही अधिक खाली गेली होती. त्या काळात सह्याद्रीच्या माथ्यावर कोठेही हिमनदी नव्हती आणि कृष्णा, कोयना, वारणा यांच्या खोऱ्यांत बर्फाने कोरलेली एकही दरी सापडत नाही. म्हणून सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात हिमयुगाचा विचार करताना थंडीचा प्रश्न दुय्यम ठरतो आणि पावसाचा प्रश्न मुख्य होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे तेव्हा किती जोराने येत होते, घाटमाथ्यावर किती पाऊस पडत होता आणि त्यातला किती पूर्वेकडच्या माणदेशापर्यंत पोहोचत होता, या प्रश्नांची उत्तरे दोन वेगळ्या वाटांनी शोधली जातात. एक वाट गाळात टिकून राहिलेल्या परागकणांची आहे, तर दुसरी संगणकावर चालणाऱ्या हवामान प्रारूपांची, म्हणजे वातावरण, समुद्र आणि जमीन यांच्यातील देवाणघेवाण गणिती समीकरणांत मांडणाऱ्या आराखड्यांची. या दोन वाटांची गाठ या प्रदेशात सहजासहजी पडत नाही, आणि ती का पडत नाही याचे उत्तर प्रदेशाच्या घडणीतच आहे.

महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन थांबतो. महाबळेश्वर ते जत हे सरळ रेषेतले अंतर दोनशे किलोमीटरही भरत नाही. सांगली जिल्ह्यापुरते पाहिले तरी शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचे घनदाट रान आणि पूर्वेला जतची बोडकी माळराने एकाच जिल्ह्याच्या हद्दीत येतात. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना थंड होतात, त्यांतील बाष्प घाटमाथ्यावर रिते होते आणि पलीकडे उतरताना तेच वारे कोरडे होत जातात. या पर्जन्यछायेनुसार वनस्पतीही पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात. महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा यांची सदाहरित किंवा निमसदाहरित राई असते, त्याखालच्या उतारांवर पानझडी वृक्ष येतात, आणि माणदेशाकडे जाता जाता बाभूळ, हिवर, बोर, खैर अशी काटेरी झाडे आणि कुसळी गवताची कुरणे उरतात. परागाभ्यासकाच्या दृष्टीने ही उतरंड फार मोलाची आहे, कारण पाऊस घटला तर या प्रदेशात कोणत्या वनस्पतींची जागा कोणत्या वनस्पती घेतील, हे पाहण्यासाठी त्याला भूतकाळात जावे लागत नाही. महाबळेश्वराहून माणदेशातल्या दहिवडीपर्यंत गेले तरी ते दिसते.

गाळातील परागकणांवरून जुने वनस्पतिजीवन ओळखण्याच्या पद्धतीचा आरंभ सहसा १९१६ या वर्षापासून मोजला जातो. त्या वर्षी लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात भरलेल्या स्कँडिनेव्हियन निसर्गवैज्ञानिकांच्या परिषदेत दलदलीतील थरांतील परागकणांचे शेकडा प्रमाण आलेखांच्या रूपाने मांडले. या पद्धतीचा पाया साधा आहे. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत चिवट सेंद्रिय पदार्थाचे असते आणि हवेचा संपर्क तुटलेल्या चिखलात ते हजारोच काय, लाखो वर्षेही शाबूत राहते. त्या कवचावरील छिद्रे, खाचा, काटे आणि जाळीदार नक्षी यांवरून तो कण कोणत्या कुळाचा, कधी कधी कोणत्या प्रजातीचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. हे कण साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या हिश्श्याएवढे असतात. गाळाचा नमुना प्रयोगशाळेत आल्यावर त्यातील चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने, तर वाळू आणि माती हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळवली जाते, आणि उरलेले सेंद्रिय द्रव्य गुन्नार एर्टमन यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेल्या आम्लमिश्रणाने जाळले जाते. इतक्या साऱ्या दिव्यातून जे शिल्लक राहते ते परागकण. प्रत्येक थरातील दोनतीनशे कण मोजून त्यांची टक्केवारी काढली जाते, आणि थराचे वय किरणोत्सारी कार्बनाच्या क्षयावरून ठरवले जाते. या कार्बनाचे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे असल्याने ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत, म्हणजे शेवटच्या हिमयुगाचा ऐन काळ व्यवस्थित कवेत घेण्याइतकी मागे जाऊ शकते.

कोणते झाड किती पराग टाकते आणि त्यातला किती टिकतो, हे मात्र झाडागणिक बदलते. गवतासारख्या वाऱ्यावर परागण होणाऱ्या वनस्पती अमाप पराग हवेत सोडतात, तर कीटकांवर अवलंबून असणाऱ्या वनस्पती तो हात राखून खर्च करतात, आणि त्यामुळे तळ्याच्या गाळात त्यांची नोंद जेमतेम होते. महाबळेश्वरच्या रानातील पिसा हा वृक्ष दालचिनीच्या कुळातला आहे. या कुळाच्या परागकणांचे कवच इतके पातळ असते की वर सांगितलेल्या आम्लक्रियेत ते नाहीसे होते, आणि त्यामुळे एके काळी पिशाची दाट राई असलेल्या टेकडीच्या गाळातही पिसा दिसत नाही. गवतांची अडचण याच्या उलट आहे. त्यांचे पराग भरपूर सापडतात, पण जवळजवळ सगळ्या रानगवतांचे कण एका छिद्राचे आणि गुळगुळीत असल्याने ओल्या पठारावरचे गवत कोणते आणि दुष्काळी माळावरचे कोणते, हे त्यांवरून सांगता येत नाही. कारवीचे तर वेगळेच. सात-आठ वर्षांतून एकदा ती डोंगरच्या डोंगर व्यापून फुलते आणि मधली वर्षे परागाच्या हिशेबात तिचे अस्तित्वच नसते. या सगळ्या विषमता ओळखण्यासाठी आजच्या रानातील मातीचे आणि शेवाळाचे नमुने घेऊन, आज उभ्या असलेल्या झाडांशी त्यांतील परागांचे प्रमाण ताडून पाहावे लागते. मधातील परागांवरून फुलोरा ओळखण्याची परंपरा महाबळेश्वर परिसरात मधुमक्षिकापालनाच्या निमित्ताने रुजलेली आहे. तिथला मध जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशा फुलांच्या नावांनीच ओळखला जातो, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. अशा कामासाठी तयार होणारे परागांचे नमुने जुन्या गाळातील कण ओळखायलाही उपयोगी पडतात, हा या उद्योगाचा फारसा कोणी न मोजलेला लाभ म्हणावा लागेल.

पण परागकण टिकायला चिखल सतत ओला राहावा लागतो, आणि नेमके तेच या प्रदेशात दुर्मीळ आहे. स्कँडिनेव्हियात हिमस्तर वितळून गेल्यावर मागे हजारो तळी आणि दलदली राहिल्या. दख्खनच्या बेसाल्टावर तसे काही घडले नाही. आठ महिने कोरडे आणि चार महिने धो धो पाऊस अशा ऋतुचक्रात उथळ तळ्यांचा तळ दरवर्षी उघडा पडतो, त्याला भेगा जातात, हवा आत शिरते आणि परागाचे कवच हळूहळू कुजते. नद्यांकाठच्या गाळात चुनखडीच्या गाठी असतात, ती माती अल्कधर्मी असते, आणि तिच्यातही पराग टिकत नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेले विंधनछिद्र तीन किलोमीटर खोल गेले, बेसाल्टाचे थर भेदून त्याखालच्या ग्रॅनाइटापर्यंत पोहोचले. परागाभ्यासकाला मात्र वरचा काही मीटरांचा अखंड ओला गाळ हवा असतो, आणि तो मिळत नाही.

म्हणून महाराष्ट्रातील हिमयुगीन हवामानाचा पहिला गंभीर अभ्यास परागांवरून झाला नाही, तो नद्यांच्या थरांवरून झाला, आणि त्याचे केंद्र पुण्याचे डेक्कन कॉलेज होते. ऊर्ध्व कृष्णा खोऱ्यातील प्लाइस्टोसीन काळाचा, म्हणजे हिमयुगांच्या दीर्घ कालखंडाचा अभ्यास आर. एस. पप्पू यांनी केला आणि तो १९७४ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला. गोदावरी, प्रवरा, घोड, भीमा यांच्या काठांवरील वाळू, गोटे आणि पिवळसर गाळ यांचे वाचन शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके केले, आणि १९८७ मध्ये विश्वास काळे व राजगुरू यांनी वायव्य दख्खनच्या नद्यांच्या गाळाचा इतिहास ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. त्यामागचे तर्कशास्त्र असे. पाऊस कमी झाला की नदीला आपल्या वाट्याचा गाळ वाहून नेण्याचे बळ राहत नाही, ती तो पात्रात टाकत जाते आणि पात्र उथळ होत भरत जाते. पाऊस वाढला की तीच नदी आपल्याच जुन्या गाळात खोल कापत जाते. दख्खनच्या नद्यांकाठी आज जे उंच, उभे, मातकट कडे दिसतात, त्यांचा बराच भाग हिमयुगाच्या उत्तरार्धातील दुबळ्या पावसाच्या काळात साचला आणि हिमयुग संपल्यानंतरच्या जोरकस पावसाने कापला गेला, असा अर्थ यातून निघतो. हे अनुमान पटण्याजोगे आहे, परंतु नदी हा मोठा आणि मिश्र साक्षीदार आहे. समुद्रपातळी, जमिनीचे उचलणे, वरच्या खोऱ्यातील झाडांचे आच्छादन अशा अनेक गोष्टींचा परिणाम तिच्या गाळावर होतो, आणि त्यातून केवळ पावसाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

कोरड्या हिमयुगाचा एक अनपेक्षित पुरावा जळगाव जिल्ह्यातील पाटणे या स्थळी मिळाला. तेथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगातील, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत, नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले. शहामृग घनदाट रानात राहत नाही. त्याला उघडी, कोरडी गवताळ भूमी लागते. भारतात शहामृगाच्या अंड्यांची कवचे इतरही अनेक ठिकाणी मिळाली आहेत. हा पुरावा सातारा-सांगलीच्या उत्तरेकडचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा कृष्णाकाठी लागू करता येत नाही, परंतु ज्या काळात महाराष्ट्राच्या पठारावर शहामृग चरत होते त्या काळात माणदेशातला पाऊस आजच्यापेक्षा जास्त असेल, असे मानणे अवघड जाते.

खुद्द परागांचा हिमयुगीन पुरावा मिळवायचा तर शेजारी जावे लागते. पश्चिमेकडचा शेजारी म्हणजे अरबी समुद्र. सह्याद्रीवरून वाऱ्याने आणि नद्यांनी वाहून नेलेले पराग समुद्रतळाच्या चिखलात शांतपणे थरावर थर साचत जातात, तिथे ऊन लागत नाही आणि उन्हाळ्यात भेगाही पडत नाहीत. एलिझ व्हान काम्पो यांनी १९८६ मध्ये भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापुढील दोन गाभ्यांचा, म्हणजे समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गेल्या सुमारे २०,००० वर्षांतील पराग आणि सूक्ष्मजीवांच्या कवचांतील ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, एकत्र तपासलेली होती. हिमयुगाच्या परमोच्च काळी कोरडेपणा तीव्र होता आणि त्यानंतर ओलावा वाढत जाऊन सुमारे ११,००० वर्षांपूर्वी त्याने उच्चांक गाठला, असा त्याचा निष्कर्ष होता. ओलाव्याची खूण म्हणून त्यात कांदळाच्या परागांना महत्त्व दिलेले आहे. इथे सावध राहावे लागते, कारण कांदळवनाची वाढ गोड्या पाण्याच्या पुरवठ्याबरोबर समुद्रपातळीवरही अवलंबून असते. हिमयुगात समुद्र १२० मीटर खाली असताना कोकणचा किनारा आजच्या रेषेच्या पुष्कळ पश्चिमेला होता, आणि समुद्र परत वर चढू लागला तेव्हा बुडणाऱ्या सपाट जमिनींवर कांदळवनांना ऐसपैस जागा मिळाली असणार. तेव्हा त्या उच्चांकातला किती भाग पावसाचा आणि किती भाग चढत्या समुद्राचा, हा हिशेब मोकळाच राहतो. कारवारसमोरच्या गाभ्यांवरून क्लोद काराटिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलेली एक गोष्ट पुढे कासच्या संदर्भात उपयोगी पडेल: सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून पश्चिम घाटाच्या त्या भागातले हवामान कमी दमट होत गेले.

दक्षिणेकडचा शेजारी निलगिरी. तिथल्या उंच दऱ्यांमध्ये पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, हिमयुगापासून साचत आलेला आहे. रमण सुकुमार, आर. रमेश, आर. के. पंत आणि जी. राजगोपालन यांनी १९९३ मध्ये या पीटमधील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास मांडला. गवतांच्या ज्या ओळखीपुढे परागविज्ञान हात टेकते, ती इथे दुसऱ्या मार्गाने साधली जाते. बहुतेक झाडे आणि थंड, ओल्या प्रदेशातील गवते एका पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, तर उष्ण, कोरड्या प्रदेशातील बरीचशी गवते दुसऱ्या पद्धतीने करतात. पहिल्या गटाला ‘क-३’ आणि दुसऱ्याला ‘क-४’ म्हणतात, आणि दोन्ही गटांच्या अवशेषांत जड कार्बनाचे प्रमाण वेगवेगळे राहते. निलगिरीच्या पीटमध्ये हिमयुगाच्या परमोच्च काळी क-४ गवतांचे पारडे जड होते आणि हिमयुग सरल्यावर ते हलके झाले.

याचा सरळ अर्थ कोरडे हवामान असा लावला जातो, आणि तो बहुतांशी बरोबरही असावा. पण यात एक खोच आहे जी बराच काळ दुर्लक्षित राहिली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसते की हिमयुगात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १९० भाग इतके उतरले होते, तर औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. हा वायू दुर्मीळ झाला की झाडांना तो मिळवण्यासाठी पानांची रंध्रे अधिक उघडी ठेवावी लागतात, त्यातून पाणी अधिक उडून जाते, आणि तेवढ्याच पावसात झाडे मागे पडून क-४ गवते पुढे येतात. म्हणजे रान ओसरून गवताळ माळ आले एवढ्यावरून पाऊस निम्म्यावर आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या बदलाचा काही भाग हवेच्या रचनेतल्या फरकाचा असतो. आजच्या माणदेशातील वनस्पती आणि आजचा पाऊस यांचे जे नाते मोजता येते, ते तसेच्या तसे हिमयुगाला लावले तर हिमयुग होते त्याहून अधिक दुष्काळी दिसेल.

हवामान प्रारूपांची गरज इथेच लागते. प्रारूपात पृथ्वीच्या कक्षेची तेव्हाची मापे, हवेतील वायूंचे प्रमाण, हिमस्तरांचा आकार आणि उतरलेली समुद्रपातळी ही माहिती भरली जाते, आणि वारे, तापमान, पाऊस ही उत्तरे भौतिकीच्या नियमांवरून काढली जातात. मोसमी पावसाच्या संदर्भात या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे जॉन कुट्झबाख यांचा १९८१ मधील प्रयोग. आज पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वात जवळ असते. ९,००० वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ येत होती आणि तिच्या अक्षाचा कलही किंचित अधिक होता, त्यामुळे जुलै महिन्यात उत्तर गोलार्धाला सुमारे ७ टक्के अधिक ऊन मिळत होते. कुट्झबाख यांनी एवढाच बदल प्रारूपात केला आणि आशिया व आफ्रिका यांवरील मोसमी पाऊस जोर धरताना दिसला. राजस्थानातील सांभर, डिडवाना, लुणकरणसर या खाऱ्या सरोवरांच्या गाळावर गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी केलेला परागाभ्यास याच काळातील वाढत्या ओलाव्याची साक्ष आधीच देऊन बसलेला होता. पुढे १९९० च्या दशकापासून जगभरच्या संस्थांनी आपापली प्रारूपे सारख्याच अटींवर चालवून एकमेकांशी ताडून पाहण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्यासाठी २१,००० व ६,००० वर्षांपूर्वीचे असे दोन काळ प्रमाण म्हणून निवडले. हिमयुगाच्या परमोच्च काळी भारतावरील उन्हाळी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा दुबळा होता, यावर बहुतेक प्रारूपे आणि बहुतेक गाळ यांचे एकमत आहे.

प्रारूप पाऊस सांगते आणि गाळ वनस्पती सांगतो, म्हणून तुलना करण्यासाठी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. कॉलिन प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या वनस्पती प्रारूपाने याची सोय केली. हवामान प्रारूपाने दिलेला पाऊस आणि तापमान त्यात घातले की तिथे सदाहरित वन येईल, पानझडी येईल की काटेरी झुडपे, हे ते सांगते. दुसऱ्या बाजूने गाळातील परागांची कुळे अशाच वनप्रकारांत वाटली जातात, आणि मग दोन नकाशे शेजारी ठेवता येतात. उलट्या दिशेने जाण्याची पद्धतही नंतर आली: कार्बन डायऑक्साइड कमी धरून वनस्पती प्रारूप पुन्हा पुन्हा चालवायचे आणि गाळातल्या परागांशी जुळणारी वनश्री किती पावसात तयार होते ते शोधायचे. वर सांगितलेल्या खोचेला याहून समर्पक उत्तर अद्याप नाही.

हे सारे यंत्र सातारा-सांगलीवर आणून ठेवले की अडखळते. जागतिक प्रारूपे पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनी घरांत विभागतात आणि प्रत्येक घराला एकच उंची, एकच पाऊस देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या, देशातल्या पहिल्या पृथ्वीप्रणाली प्रारूपात वातावरणाच्या एका घराची बाजू सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि हिमयुगाच्या अभ्यासात वापरली गेलेली बरीचशी प्रारूपे याच मापाच्या आसपासची किंवा त्याहून ढोबळ आहेत. अशा एका घरात महाबळेश्वर, चांदोली, दहिवडी आणि जत ही सगळी ठिकाणे बसतात, कोकणाचा तुकडाही बसतो, आणि त्यांच्या उंचीची सरासरी काढली की जवळजवळ चौदाशे मीटरांचा महाबळेश्वरचा माथा एका सौम्य फुगवट्यात विरून जातो. ज्या भिंतीमुळे या प्रदेशाचा पाऊस असा विभागला गेला आहे, ती भिंतच प्रारूपाला दिसत नाही. परागाभ्यासकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी पावसाची उतरंड प्रारूपाच्या लेखी एक आकडा आहे. मग ‘हिमयुगात पाऊस घटला’ या विधानाला इथे दोन अगदी वेगळे अर्थ संभवतात. घाटमाथ्यावर पाऊस निम्म्यावर आला तरी तिथे अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस उरतो आणि रान तग धरते. माणदेशात तो निम्म्यावर आला तर उरतात अडीचशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वाळवंट. शिवाय दोन्हीकडे घट सारख्याच प्रमाणात झाली असेल, असे मानायलाही आधार नाही.

सातारा जिल्ह्याच्या हद्दीतला गाळ या चर्चेत अलीकडे आला तो कासच्या पठारावरून. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेले हे जांभ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान अभ्यास केंद्राबरोबर तेथील एका हंगामी तळ्याच्या गाळाचा उभा छेद तपासला. सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलाव वेगळा; हे पावसाळ्यात भरणारे आणि नंतर आटणारे उथळ तळे आहे. जांभ्याच्या पृष्ठावरील झिजेतून तयार झालेल्या खळग्यात ते साठले, असे या अभ्यासाचे म्हणणे आहे. छेदातील गाळ सुमारे ८,६०० वर्षे मागे जातो. त्यात परागांबरोबर डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवालही मोजले गेले, आणि ते शहाणपणाचे होते, कारण पराग भोवतालच्या रानाबद्दल सांगतो तर डायटम तळ्यातल्या पाण्याबद्दल.

या गाळाच्या वाचनानुसार सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी तळ्याची स्थिती गोड्या पाण्याकडून कोरडेपणाकडे झुकली आणि पाऊस घटला. मात्र त्याच काळात डायटम बऱ्यापैकी संख्येने आढळतात, त्यामुळे मधूनमधून ओले काळही येत असावेत. सुमारे २,८०० वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा घटला आणि नैर्ऋत्य मोसमी वारे मंदावले. गेल्या हजार वर्षांत प्रदूषण सहन करणारे डायटम वाढले, आणि त्याचे कारण माणसाचा वावर व गुरांची चराई हे असावे. यांपैकी दुसरी नोंद कारवारच्या समुद्रातील नोंदीशी चांगली जुळते. पहिली मात्र कुट्झबाख यांच्या प्रयोगाच्या आणि राजस्थानच्या सरोवरांच्या विरोधात जाणारी वाटते, कारण त्यांच्यानुसार तो काळ तर भर पावसाचा. हा विरोध पुराव्यांचे आवाके लक्षात घेतल्यास बराच सौम्य होतो. प्रारूप हजारो वर्षांची आणि उपखंडाएवढ्या प्रदेशाची सरासरी सांगते, तर जांभ्यावरच्या एका उथळ खळग्यात पावसाची काही दशकांची ओढही कोरड्या थराच्या रूपाने उमटते. पठारावर पाऊस किती पडला याइतकेच तो किती दिवस पडत राहिला हेही तिथे निर्णायक असते, कारण जांभ्यावर पाणी थांबत नाही. एका तळ्याच्या छेदावरून अख्ख्या सह्याद्रीचा पाऊस ठरवणे घाईचे होईल. आणि तो छेद उपखंडीय सरासरीशी जुळत नाही म्हणून बाजूला सारणे ही तेवढीच घाई.

हिमयुग साधारण ११,७०० वर्षांपूर्वी संपले असे धरले जाते, म्हणजे कासचा गाळ सुरू होतो तेव्हा ते संपून तीन हजार वर्षे उलटलेली होती. हिमयुगाच्या परमोच्च काळी पठारावर काय उगवत होते, हे त्या छेदात नाही. त्याबद्दलचा एक अप्रत्यक्ष पुरावा आजच्या वनस्पतींतच आहे. कासच्या पठारावरील वायतुरा ही पाणवनस्पती, जिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, या परिसराबाहेर फारशी आढळत नाही, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अशा प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्याच भागापुरत्या मर्यादित असलेल्या वनस्पती पुष्कळ आहेत. एखादी प्रजाती एवढ्या लहान क्षेत्रापुरती घडायला सामान्यतः हिमयुगोत्तर काही हजार वर्षे पुरत नाहीत. तेव्हा हिमयुगाच्या दुबळ्या पावसातही घाटमाथ्यावर काही आश्रयस्थाने, म्हणजे पावसाळ्यात नेमाने ओली होणारी आणि त्या वनस्पतींना पुरेसे दिवस ओली राहणारी जागा, शिल्लक राहिली असणार. कोयना आणि चांदोलीच्या दऱ्या तशा असण्याची शक्यता भूरचनेवरून सर्वाधिक दिसते. ती पडताळून पाहण्यासाठी एकीकडे दहा-वीस किलोमीटरांची घरे असलेली आणि सह्याद्रीची उंची जशीच्या तशी धरणारी प्रादेशिक प्रारूपे हिमयुगाच्या अटींवर चालवावी लागतील. दुसरीकडे घाटमाथ्यावरच्या देवरायांतील झऱ्यांखालचा, वर्षभर न आटणारा चिखल शोधावा लागेल, आणि त्यातही वायतुऱ्यासारख्या कीटकांवर भिस्त ठेवणाऱ्या वनस्पतींचे पराग हाती लागण्याची आशा कमीच धरलेली बरी. अंजन, जांभूळ आणि गवते यांच्या परस्पर प्रमाणावरूनच त्या रानाचा अंदाज बांधावा लागेल.